उलट्या कपांतली चोरी

१

पहिला कप रिकामा निघाला तेव्हा आम्ही पुढच्या झाडाकडे वळलो. दुसरा निघाला तेव्हा साहेबांनी घसा खाकरला. आठदहा कप पाहून झाल्यावर ते वीरसिंगकडे न बघता म्हणाले, "फोटो घ्या." आमच्या कृषी खात्यात साहेब 'फोटो घ्या' म्हणाले की समजायचं, आज कोणाची तरी धडगत नाही.

बाग म्हसावदच्या रूपचंद पाटलांची. होळी नुकतीच झाली होती. पपईची झाडं ऐन फळावर होती, पण हिरवं फळ दिसेल तर शपथ. खोड, देठ, फळ, सगळ्यावर चिकट पांढरा कापूस चढलेला. हा पिठ्या ढेकूण. मेक्सिकोतून कुठल्याशा रोपाला चिकटून आपल्याकडे आला, तो पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. याच्या अंगावर मेणाचं पीठ असतं, त्यामुळे औषध फवारलं तर वरच्या वर ओघळून जातं. शेतकऱ्याचा खर्च होतो आणि पिठ्याची आंघोळ.

म्हणून सरकारने त्याचा वैरी आणला. तिळाहून बारीक माशी. ती पिठ्याच्या पोटात अंडं घालते, पिल्लू त्याला आतून खातं, पिठ्याचं कडक तपकिरी टरफल होतं आणि त्या टरफलाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अशी भरलेली टरफलं दूरच्या प्रयोगशाळेतून आली होती, कार्डावर डिंकाने चिकटवून. कार्ड कागदी कपात, कप उलटा, आणि कप सुतळीने पपईच्या हाताशी येणाऱ्या खालच्या देठाला टांगलेला. गावाने तिचं नाव ठेवलं सरकारी माशी. आख्ख्या जिल्ह्याला एवढी एकच खेप. इथे जमलं तर पुढे सगळ्यांना, नाही जमलं तर योजना बंद.

आता कार्डांवर डिंकाचे ठिपके तेवढे राहिले होते.

"माशा उडून गेल्या असतील," कोणीतरी म्हणालं.

"उडाल्या तर टरफल मागे राहतं," मी म्हणाले. "माशी काही घर डोक्यावर घेऊन जात नाही."

टरफलं कोण नेतं हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मुंग्या. पिठ्या गोड पाणी सोडतो, मुंग्या ते पितात आणि गवळ्याने गायी राखाव्यात तसा पिठ्या राखतात. माशी दिसली की हाकलतात, टरफल सापडलं की फोडून नेतात. त्यासाठीच प्रत्येक सुतळीला बोटभर ग्रीस लावायचं असतं, मुंगी त्यात अडकते आणि कपापर्यंत पोचत नाही. साहेबांनी एक सुतळी चिमटीत धरली. कोरडी, राखाडी. मधूनमधून पांढरे तंतू चिकटलेले, पण त्या बागेत पांढरं नव्हतं काय?

"ग्रीस कुठंय?"

"लावलं होतं सर," वीरसिंग म्हणाला. त्याने शर्टाची बाही पुढे केली. मनगटापाशी काळा डाग होता. "हे बघा ना, धुतलं तरी जात नाही."

"मोटरसायकलचं असेल," साहेब म्हणाले.

वीरसिंग आमचा कृषी सहायक. धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी पोरगा, शेतकीची पदवी घेतलेला, तोंडाचा फटकळ. नोकरीचं पहिलंच वर्ष, अजून कायम झालेला नव्हता. निष्काळजीपणाचा ठपका बसला तर त्याला घरी पाठवायला एक ओळ पुरेशी होती.

गाडीत बसताना साहेब मला म्हणाले, "गायत्रीबाई, चौकशी तुम्ही करा. प्रश्न एकच, ग्रीस लावलं होतं की नव्हतं. नव्हतं हे दिसतंच आहे. तुम्ही फक्त नीट लिहा."

चौकश्या नेहमी माझ्याच गळ्यात पडतात, कारण मला नाही म्हणता येत नाही. गाडी गेली. मी सुतळीचा एक तुकडा कापला आणि सहज नाकाशी नेला. त्याला चुलीतल्या राखेचा वास येत होता.

२

"तुम्ही पण म्हणून टाका मॅडम," पंपाच्या खोलीपाशी बसलेला वीरसिंग म्हणाला, "होळीच्या नादात विसरला."

"विसरलास का?"

"ढोल वाजला की मी नोकरीच काय, स्वतःचं नाव विसरतो. पण कप टांगले होळीच्या आधी आणि ग्रीस लावलं कप टांगतानाच. एकेका सुतळीला या बोटाने. मग गावाला गेलो. उरलेला अर्धा डबा साहेबांना दाखवला तर म्हणतात, अर्धा दाखवायला ठेवला असशील." त्याने खडा उचलून पाटात फेकला. "पाड्यावर माझ्या नोकरीची जेवणावळ झाली होती. आता काय तोंड घेऊन जाऊ?"

रूपचंदभाऊंनी आम्हाला ओसरीवर बोलावलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आवाज खाली गेलेला. "ताई, या पोऱ्यानी सांगं, फवारा मारशात तं माशी मरी जाई. मी फवारा बंद कया. बठ्ठं गाव हसी ऱ्हायनं व्हतं माले. आते देखा बाग."

"याने ग्रीस लावलेलं तुम्ही पाहिलंत?"

"लाये व्हई. मी काय दोरी दोरी देखत फिरस का?"

"रात्री कोणी बागेत आलं होतं?"

"रातले तं मी सोता खाट टाकी बागमा. पपई चोरतस लोके. कुत्रं बी नही उनं."

"आणि दिवसा?"

"दिवसा काय ताई, आख्खं गाव येस-जास. वाटच शे तठून."

त्यांच्या पत्नी दगूबाई चहा घेऊन आल्या. मी त्यांच्याकडे पेलाभर कढत पाणी मागितलं आणि त्यात सुतळीचा तुकडा सोडला. राख हळूहळू तळाशी बसली. मग पाण्यावर एक लहानसं, इंद्रधनुष्यी वर्तुळ पसरलं. सगळे पेल्यावर वाकले.

"हाई काय शे?" रूपचंदभाऊंनी विचारलं.

दगूबाईंनी उत्तर दिलं. "तेलना तवंग."

"ग्रीसचा," मी म्हणाले. "लावलं होतं. मग कोणीतरी राखेने घासून काढलं, आपण तेलकट कढई घासतो तसं."

वीरसिंगने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पावरी बोलीत काहीतरी ओरडला. मला अर्थ कळला नाही, आनंद कळला. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"तवंग?" साहेब म्हणाले. "गायत्रीबाई, तवंगाला सही करता येते का? ग्रीस कोणी काढलं तो माणूस आणा. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर परवा मी ओळ लिहितो."

३

गावात चोर शोधायचा तर आधी शेजारी गाठावा. रूपचंदभाऊंच्या बांधाला बांध लागून त्यांच्या चुलतभावाची, भूपेंद्रची पपई होती. ताडमाड माणूस, हात वर केला तर शेंड्याला लागेल. त्यानेही हे कप मागितले होते आणि खात्याने 'एकाच बागेत प्रयोग' म्हणून नकार दिला होता.

"मी चोरतू तं कपसुद्धा लई जातू," तो हसून म्हणाला. "रिकामा कप टांगी ठेवाले मी काय येडा शे? तुम्ही आसा इचार करा ना ताई, माशी मरनी तं फायदा कुना? ज्यानं औषधनं दुकान शे त्याना. अंकितशेठना."

हे बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. मी वीरसिंगला घेऊन पुन्हा बागेत शिरले. ओळीमागून ओळ. सगळ्या सुतळ्या सारख्याच, राखाडी आणि कोरड्या. झाडांच्या बुडाशी पांढरी भुकटी पडलेली आणि तिच्यावर मुंग्यांची झुंबड. पिठ्याचंच पीठ, असं मनात म्हणत मी पुढे गेले.

विहिरीपाशी मात्र मी थांबले. तिथे मागच्या लावणीतलं एक जुनं झाड उभं होतं, बाकीच्यांच्या दीडपट उंच. त्याचा कप वर, पानांच्या छत्रीखाली लोंबत होता.

"तो मी शिडी लावून टांगला," वीरसिंग म्हणाला. "शिडी ती काय, तिथंच पडलीय."

मी मान वर करून पाहिलं. त्या कपाची सुतळी काळी होती.

वीरसिंग शिडीवर चढला आणि वरून त्याचा आवाज आला, तोही कुजबुजल्यासारखा. "मॅडम, आहेत. सगळी टरफलं जागेवर आहेत. एकालाही भोक नाही. आज-उद्या बाहेर येतील."

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. एका कपातल्या माशा म्हणजे काही फार नव्हे, पण ह्या बागेत त्यांना खायला तोटा नव्हता. तेवढ्यावर पुढची पिढी उभी राहिली असती, आणि ग्रीस लावलेला कप जगतो हेही सिद्ध झालं असतं.

मग डोकं चालायला लागलं. भूपेंद्रला हा कप हात वर करून मिळाला असता. वाईटावर टपलेल्या दुसऱ्या कोणीही शिडी उचलली असती, ती पायाशीच पडली होती. ज्याने बागेतली एकूण एक सुतळी राखेने घासली तो इथेच का थांबला? त्याचा हात पुरत नव्हता आणि त्याला शिडी चढता येत नव्हती.

"या कपाचं कोणाला बोलायचं नाही," मी वीरसिंगला बजावलं. "रूपचंदभाऊंनाही नाही. चोर सावध होईल."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंकितच्या दुकानावर गेले. बियाणं, खतं, औषधं. मागे घर आणि घरामागून रूपचंदभाऊंच्या बागेकडे जाणारी पायवाट. अंकितचे आजोबा उमेदमल राजस्थानातून या गावात आले तेव्हापासूनचं हे दुकान. मी पायरी चढणार एवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "पग संभाळ, बेटी!"

माझ्या पायाखाली मुंग्यांची रांग होती. मी ती ओलांडली. ओट्यावर एक म्हातारी परात पुढ्यात घेऊन गव्हाच्या पिठात साखर मिसळत होती. पाठ कमरेतून पार वाकलेली, डोळे मात्र सुईत दोरा ओवण्याइतके लख्ख.

"माझी आजी, धापूबाई," अंकित म्हणाला. "कीडीनगरा सींचते. म्हणजे मुंग्यांना पीठ-साखर घालते. आमच्याकडे मोठं पुण्य मानतात. रोज सकाळी ऊन पडलं की निघते. अंधारात पाऊल टाकत नाही, जीव पायाखाली येतील म्हणून."

मी त्याला सरळ विचारलं. तोही सरळ बोलला. "माशी चालली तर माझी औषधं पडून राहतील, हे खरंय मॅडम. गाव माझ्या नावाने शिमगा करतंय तेही ऐकलंय. पण मी दुकान सोडून कुठे जातो ते कोणालाही विचारा. आणि खरं सांगू? पिठ्यावर माझ्या दुकानातलं एकही औषध धड चालत नाही. लोक येऊन मलाच शिव्या घालतात. बागाच गेल्या तर मी विकू कोणाला?"

पोरगा खोटं बोलत नव्हता. मी हताश होऊन तिथेच बाकड्यावर बसले आणि पर्समधून सुतळीचा उरलेला तुकडा काढून बोटांत फिरवू लागले. त्यावरचा पांढरा तंतू मी चोळला. पिठ्याचा कापूस चोळला की मेणाची भुकटी होते. हा तंतू तसाच राहिला. मी काउंटरवरची काडेपेटी ओढली, तंतूला काडी लावली आणि केस जळल्याचा वास आला.

लोकर. मार्च महिन्यात, म्हसावदच्या उन्हात, पपईच्या बागेत लोकर.

ओट्यावर धापूबाई उठल्या होत्या. परात एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने खुंटीवरून एक लहानशी झाडणी काढली. दांडीला पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्यांचा झुबका. बसण्याआधी, ठेवण्याआधी, जागेवरचे जीव अलगद बाजूला सारायला जैन घरांत ठेवतात ती पूंजणी.

झुबक्याची टोकं काळी पडली होती.

५

"ते काळं पूंजणीला कशाने लागलं, आजी?" मी विचारलं.

धापूबाई पुन्हा खाली बसल्या. लपवण्याचा विचारही त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही. साठ वर्षं खानदेशात काढून त्यांची बोली मारवाडी, हिंदी आणि अहिराणीची मिसळ झाली होती.

"रूपचंदना बागमां, बेटी. दोरी पर कालो कालो काई लगायो कोई. कीडी चिपक जाती. पग छुडाने जाती तो पग टूट जातो. जीवती थी, तडपती थी." त्यांनी बोटाच्या टोकावर ते हलणारे पाय दाखवले. "म्हासूं देख्यो कोनी गयो, नहीं देख्यो गयो. पहले पूंजणी से छुडाती. पण रोज दूसरी चिपकती. तो म्हैं चूल्हा की राख लेर सगळी दोरी पोंछ दी. रोज थोडी थोडी. एक झाड ऊंचो थो. उठे हाथ कोनी पूग्यो. उसका म्हने दुख है."

अंकितच्या हातातली पावती खाली पडली.

रूपचंदभाऊ रात्रभर खाट टाकून जागे होते आणि चोर सकाळच्या कोवळ्या उन्हात, त्यांच्या समोरून, पीठ-साखरेची परात घेऊन येत होता. बुडाशी पडलेली पांढरी भुकटी पिठ्याची नव्हती, गव्हाची होती. रोज येणाऱ्या म्हातारीला कोण विचारतो? वाऱ्याला कोणी नाव विचारतं का?

मी त्यांना समजावून सांगितलं. कपात काय होतं, ग्रीस कशासाठी होतं, सुटलेल्या मुंग्यांनी काय केलं. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचाच मला राग येत होता.

त्यांनी हातातली पूंजणी मांडीवर ठेवली.

"वा माखी... जीव थी?"

"हो, आजी. टरफलात जिवंत होती."

"सगळी?"

मी म्हणाले, "त्या उंच झाडावरची सोडून सगळी." त्यांनी परात बाजूला सरकवली. "और उस छोरा की नौकरी?"

"तुम्ही हे पंचांसमोर सांगितलंत तर वाचेल."

"सांगीसू," त्या म्हणाल्या. "अंगूठो दीसू. झूठ म्हैं जनम में कोनी बोली. बुला तू पंच."

मी उठलेच. वीरसिंगला फोन लावला, म्हटलं, विहिरीपाशी ये, भूपेंद्रभाऊंना पंच म्हणून घे. सुटलो आपण. तो फोनवर हसला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अंकित मात्र हसत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

"मॅडम, रूपचंदभाऊ सकाळी दुकान उघडायच्या आधीच आले होते. औषध घेऊन गेले. मी म्हटलं, थांबा, खात्याची बाई आलीय. तर म्हणाले, आता काय राहिलंय थांबायला?"

बागेच्या बाजूने पंपाची घरघर ऐकू येत होती.

६

मी धावले. पन्नाशीची बाई साडी सावरत पायवाटेने धावते तेव्हा गाव बघत उभं राहतं. तसं ते राहिलं.

बागेत धुकं उतरल्यासारखं दिसत होतं. औषधाचा उग्र वास डोळ्यांत गेला. रूपचंदभाऊ तोंडाला पंचा बांधून स्वतः नळी धरून होते. त्यांनी मला पाहिलं आणि पंप बंद केला.

"काय करतू मी ताई?" ते म्हणाले. "तुम्ही चोर धुंडी ऱ्हायनात. मन्हा बाग मरी ऱ्हायना व्हता."

"एक कप जिवंत होता, भाऊ."

"कोनता कप?"

मी विहिरीकडे बोट केलं. वीरसिंग आधीच शिडीवर होता. कप काढून तो खाली उतरला आणि कार्ड त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. टरफलं सगळी जागेवर होती आणि प्रत्येकाला, सुईने टोचावं तसं, नेटकं गोल भोक पडलं होतं. माशा त्याच सकाळी बाहेर पडल्या होत्या. थेट फवाऱ्यात.

रूपचंदभाऊंनी कार्ड हातात घेतलं. वाचता येत नसलेल्या माणसाने कागद धरावा तसं ते उलटसुलट करून पाहिलं.

"हाई माले काल कोनी नही सांगं," ते म्हणाले.

नव्हतंच सांगितलं. चोर सावध होईल म्हणून. हुशार तपासनीस शेवटपर्यंत आपलं पान उघडत नाही, असं मी लहानपणापासून वाचत आले होते. वीरसिंग माझ्याकडे बघत होता, पण त्याने त्यांना काही सांगितलं नाही. त्याच्या त्या फटकळ तोंडाने तेव्हा एखादी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पायवाटेवर धापूबाई आल्या होत्या. अंकितने धरलेला हात सोडवून त्या पहिल्या ओळीत शिरल्या. झाडांच्या बुडाशी, त्यांनीच टाकलेल्या पिठावर, मुंग्या मरून पडल्या होत्या. इतक्या की माती काळी दिसत होती. पिठ्या मात्र वर फळांवर तसाच होता, मेणाची चादर ओढून, जरासा ओला झालेला.

त्या खाली बसल्या. पूंजणी पुढे केली आणि मेलेल्या मुंग्या अलगद एका बाजूला सारू लागल्या, जिवंत असल्यासारख्या.

"आजी," मी जवळ जाऊन म्हटलं, "पंच आलेत."

भूपेंद्रही पुढे आला होता. धापूबाईंनी वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण ते माझ्याशी बोलणं नव्हतं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, मनातल्या मनात काही म्हटलं आणि पुन्हा खाली बघून पूंजणी फिरवू लागल्या.

अंकित माझ्याजवळ आला. "मॅडम, आजीने पच्चक्खाण घेतलं. मौनाचं."

"म्हणजे?"

"प्रायश्चित्त. आता बोलायची नाही. खूणही करायची नाही. अंगठाही नाही."

"किती दिवस?"

"ते तिने कोणाला सांगितलं नाही."

७

जिच्या तोंडून जन्मात खोटं निघालं नाही ती एकुलती एक साक्षीदार गप्प झाली होती, आणि तिला गप्प करणारा कोणी गुन्हेगार नव्हता. मी दुपारी तिच्यापुढे बसले, संध्याकाळी बसले. अंकितनेही हात जोडून पाहिलं. त्या आमच्याकडे मायेने बघायच्या आणि माळ ओढायच्या. अन्न सोडलं होतं, दिवसा उकळलेलं पाणी तेवढं घेत होत्या. या अवस्थेतल्या म्हातारीला मी आणखी काय विचारणार? वीरसिंगच मला म्हणाला, "राहू द्या मॅडम. मरेल ती."

अंकित साक्ष द्यायला तयार होता. साहेब म्हणाले, ऐकीव आहे. मी पूंजणी, लोकर, राख, तवंग सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, त्यांच्यावरही वर बसलेला कोणीतरी आहे.

"म्हणजे तुमचं म्हणणं, सरकारची योजना एका म्हातारीच्या दयेने बुडाली," ते म्हणाले. "हे मी वर कसं पाठवू? आणि समजा पाठवलं. ती रोज दिवसाढवळ्या सुतळ्या पुसत होती तर आपला सहायक होता कुठे?"

"रजेवर. होळीला. रजा तुम्हीच दिली होती."

त्यांनी माझा लेखी अहवाल पुढे ओढला आणि पेन उघडलं. "ग्रीस लावले होते, हे तुमचं वाक्य मी काढतोय," ते म्हणाले. "राग मानू नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. इथे चोर नव्हताच. हात संन्यासिणीचा होता आणि फास भलत्याच्या गळ्यात पडला.

रूपचंदभाऊंनी पाडव्याच्या आत बाग उपटली. उपटलेली झाडं बांधावर टाकली, आणि पिठ्या तिथून चालत भूपेंद्रच्या बागेत गेला. योजना बंद झाली. जाता जाता वरून एक सूचना मात्र आली, यापुढे कप टांगताना सुतळीस ग्रीस लावण्याची दक्षता घ्यावी. यापुढे कप येणार नव्हते.

साहेबांची ती ओळ निघाली. वीरसिंग गावाकडे निघाला त्या दिवशी मी शहाद्याला जीपच्या थांब्यावर त्याला गाठलं. धडगावच्या जीपमध्ये माणसं कोंबलेली होती, तो मागच्या फळीवर बसला होता, मांडीवर पिशवी. अंगात तोच काळ्या डागाचा शर्ट होता.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "ग्रीस लावलं होतं ना मी?"

"लावलं होतंस."

"सगळ्या सुतळ्यांना?"

"सगळ्या."

"मग झालं," तो म्हणाला. जीप सुरू झाली तशी त्याने बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली, डाग आत जाईल अशी.